किडींचे पचन रोखणारी वनस्पतिजन्य द्रव्ये
घाटे अळीच्या बंदोबस्तासाठी चाललेले संशोधन व त्यापासून घ्यावयाचा बोध

रब्बी हंगामात हरभऱ्याचे पीक फुलोऱ्यावर येऊन घाटे धरू लागले की शेतकऱ्याला एकच धास्ती वाटते, ती घाटे अळीची. पेरणी वेळेवर झाली, थंडी चांगली पडली, पीक जोमाने वाढले, तरी शेवटच्या काही आठवड्यांत ही अळी तोंडाशी आलेला घास हिरावून घेते. एक अळी आपल्या आयुष्यात ३० ते ४० घाटे पोखरते. अर्धे शरीर घाट्याच्या आत व अर्धे बाहेर ठेवून दाणे खाणारी ही अळी आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. हीच कीड कापसावर अमेरिकन बोंडअळी, तुरीवर शेंगा पोखरणारी अळी आणि टोमॅटोवर फळ पोखरणारी अळी म्हणून ओळखली जाते. नावे निराळी असली तरी कीड एकच. शास्त्रीय परिभाषेत तिला हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा असे म्हणतात.

या किडीवर आजवर अनेक विषारी औषधे वापरण्यात आली. सुरुवातीला त्यांचा गुण दिसला, परंतु तीच तीच औषधे वारंवार वापरल्यामुळे त्यांना दाद न देणाऱ्या पिढ्या निपजल्या. आंध्र प्रदेशातील कापूस पट्ट्यात १९८७-८८ च्या हंगामात सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील औषधे या किडीपुढे निष्प्रभ ठरली व शेतकऱ्यांचे अपरिमित नुकसान झाले. तेव्हापासून शास्त्रज्ञ अळीला मारण्याचे निराळे मार्ग शोधू लागले. अळीला विष देण्याऐवजी तिचे पचनच बंद पाडावे, हा त्यांपैकी एक मार्ग होय. यासाठी लागणारी द्रव्ये वनस्पतींच्या अंगीच असतात. ही द्रव्ये कोणती, ती कसे कार्य करतात, त्यांचा उपयोग कोठवर होतो आणि आपल्या शेतकऱ्याने त्यांपासून काय घ्यावे, याचा विचार या लेखात केला आहे.

पाचकरोधक म्हणजे काय?

अळी पाने, फुले व दाणे खाते ती मुख्यतः त्यांतील प्रथिनांसाठी. प्रथिने जशीच्या तशी शरीरात शोषली जात नाहीत. अळीच्या आतड्यात पाझरणारी पाचक द्रव्ये प्रथिनांच्या लांब साखळ्यांचे बारीक तुकडे करतात व मगच ते अंगी लागतात. या पाचक द्रव्यांना प्रोटिएज अशी संज्ञा आहे. माणसाच्या आतड्यातही ट्रिप्सिन, कायमोट्रिप्सिन इत्यादी याच जातीची द्रव्ये काम करीत असतात.

आता वनस्पतीची युक्ती पाहा. कित्येक वनस्पती आपल्या बियांत, कंदांत व पानांत अशी लहान आकाराची प्रथिने साठवून ठेवतात की, जी या पाचक द्रव्यांच्या नेमक्या तोडणाऱ्या जागी जाऊन घट्ट बसतात व तेथून सुटत नाहीत. अडकित्त्यात सुपारीऐवजी टणक खडा अडकून बसावा, म्हणजे खडाही फुटत नाही व दुसरी सुपारीही कातरता येत नाही, तसाच हा प्रकार आहे. या प्रथिनांना शास्त्रज्ञ प्रोटिएज इनहिबिटर म्हणतात. आपण त्यांना सोयीसाठी पाचकरोधक म्हणू.

पाचकरोधक पुरेशा प्रमाणात पोटात गेले की अळीचे पोट भरते, पण अन्न अंगी लागत नाही. पचन होत नाही असे जाणवताच तिचे शरीर आणखी पाचक द्रव्ये तयार करू लागते. ती तयार करण्यातही अंगचीच प्रथिने खर्च होतात. त्यामुळे अळी दुहेरी तोट्यात येते. तिची वाढ खुंटते, कात टाकण्यास विलंब होतो, ती लहान व दुबळी राहते, कोशावस्थेत जाणाऱ्या अळ्यांचे प्रमाण घटते आणि ज्या अळ्यांचे पतंग होतात त्यांची अंडी घालण्याची क्षमताही कमी होते. विषारी औषधाने अळी जशी तासा-दोन तासांत तडफडून पडते, तसे येथे घडत नाही, हे ध्यानात ठेवावयास हवे.

सोयाबीनपासून झालेली सुरुवात

पाचकरोधकांचा परिचय प्रथम पशुखाद्याच्या अभ्यासातून झाला. सोयाबीन कच्चे खाऊ घातलेल्या उंदरांची वाढ नीट होत नाही व तेच सोयाबीन शिजवून दिले असता ती चांगली होते, असे १९१७ साली अमेरिकेतील ऑसबॉर्न व मेंडेल या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले होते. पुढे १९४५ साली मोझेस कुनित्झ यांनी सोयाबीनमधून ट्रिप्सिन रोखणारे प्रथिन स्फटिकरूपात वेगळे केले. कुक्कुटपालन करणाऱ्यांना कोंबड्यांना कच्चे सोयाबीन देऊ नये असे आपण सांगतो, त्याचे एक मुख्य कारण हेच द्रव्य होय. उष्णता दिल्याने त्याचा बहुतांश नाश होतो. म्हणूनच नीट शिजवलेली डाळ किंवा उसळ माणसाला बाधत नाही.

जे द्रव्य कोंबडीच्या पिलाची वाढ रोखते ते किडीची का रोखणार नाही, असा प्रश्न साहजिकच पुढे आला. मिकेल व स्टँडिश यांना १९४७ साली असे दिसून आले की, काही किडींच्या अळ्या सोयाबीनच्या पदार्थांवर नीट वाढू शकत नाहीत. पिठातील तांबड्या भुंगेऱ्याच्या वर्गातील किडीवर १९५४ साली झालेल्या प्रयोगांनी या विचारास आणखी आधार मिळाला.

यानंतरचे महत्त्वाचे पाऊल १९७२ साली पडले. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या विद्यापीठात क्लॅरेन्स रायन व त्यांचे सहकारी ग्रीन यांनी टोमॅटो व बटाट्याच्या झाडांवर भुंगेरे सोडले. भुंगेऱ्यांनी एक पान कुरतडताच केवळ त्याच पानात नव्हे, तर झाडाच्या इतर न कुरतडलेल्या पानांतही पाचकरोधक झपाट्याने साठू लागले. म्हणजे घाव एका पानावर आणि सावधगिरीचा निरोप सर्व झाडभर! हा निरोप नेणारे लहानसे द्रव्य रायन यांच्याच प्रयोगशाळेने १९९१ साली शोधून काढले. झाड जागचे हलू शकत नाही, परंतु ते निमूटपणे मार खात नाही, ही गोष्ट या संशोधनाने सिद्ध झाली.

चवळीचा गुण तंबाखूत

यानंतर शास्त्रज्ञांच्या मनात असा विचार आला की, एका वनस्पतीच्या अंगी असलेला हा गुण दुसऱ्या पिकात आणता येईल काय? इंग्लंडमधील डरहॅम येथील हिल्डर, गेटहाऊस, बोल्टर इत्यादी शास्त्रज्ञांनी १९८७ साली चवळीतील ट्रिप्सिनरोधक तयार करणारे जनुक तंबाखूच्या झाडात घातले. अशा झाडांवर तंबाखूवरील बोंडअळीच्या जातीच्या अळ्या सोडल्या असता पाने कमी कुरतडली गेली व अळ्यांची वाढ खुंटली. या प्रयोगाने जगभर मोठी आशा निर्माण झाली. पुढे चीनमध्ये चवळीचे हे जनुक व बीटी जनुक ही दोन्ही एकत्र असलेला कापूस शेतकऱ्यांच्या शेतांपर्यंत पोहोचला.

परंतु शेतातली कीड प्रयोगशाळेतील अपेक्षेप्रमाणे वागत नाही. नेदरलँड्समधील शास्त्रज्ञांनी १९९५ साली दाखवून दिले की, बटाट्यातील पाचकरोधक घातलेल्या तंबाखूची पाने खाणारी लष्करी अळीच्या वर्गातील अळी काही काळाने निराळेच पाचक द्रव्य तयार करू लागते व त्यावर त्या पाचकरोधकाचा काही परिणाम होत नाही. एक दार बंद केले तर अळी दुसऱ्या दाराने आत शिरते, असे म्हणावयास हरकत नाही.

हरभरा स्वतःचे रक्षण का करू शकत नाही?

येथे आपल्या जिव्हाळ्याचा प्रश्न येतो. हरभऱ्याच्या दाण्यातही पाचकरोधक आहेत. मग घाटे अळी तो इतक्या आवडीने कसा खाते व पचविते? या प्रश्नाचा उलगडा आपल्याच राज्यात, पुणे येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत झाला. तेथील शास्त्रज्ञांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे आढळले की, हरभऱ्याचे पाचकरोधक घाटे अळीच्या आतड्यातील पाचक द्रव्ये तोडून निकामी करून टाकतात. ज्या खड्याने अडकित्ता अडावयाचा तो खडाच येथे फुटून जातो. हरभरा व ही अळी यांचा सहवास फार जुना आहे. त्या सहवासात अळीने आपल्या यजमानाच्या शस्त्रावर उतारा शोधून ठेवला आहे.

मग ज्या वनस्पतींवर ही अळी सहसा उपजीविका करीत नाही, त्यांच्या पाचकरोधकांशी तिचा परिचय नसावा, असा तर्क या शास्त्रज्ञांनी केला. चौधारी घेवडा, भुईमूग व बटाटा यांतील पाचकरोधकांचे प्रयोग १९९९ साली प्रसिद्ध झाले. त्यांनी अळीची पाचक द्रव्ये बऱ्याच प्रमाणात रोखली व अळ्यांची वाढ खुंटली. पुढे २००३ साली कारल्याच्या बियांतील पाचकरोधकांचाही घाटे अळी व तंबाखूवरील पाने खाणारी अळी या दोन्हींवर चांगला परिणाम दिसला. त्यानंतर मिरचीतील पाचकरोधकांवरही तेथे विस्तृत काम झाले. एकट्या मिरचीच्या झाडात अशी अनेक, थोडथोडी निराळी द्रव्ये आढळली.

या सर्व कामातून निघालेला मुख्य निष्कर्ष असा की, कोणताही एक पाचकरोधक घाटे अळीला कायमचा पुरा पडत नाही. या अळीच्या पोटात एक-दोन नव्हे, तर अनेक प्रकारची पाचक द्रव्ये असतात. कापूस, तूर, हरभरा, टोमॅटो अशा ज्या पिकावर ती जाते त्याप्रमाणे ती या द्रव्यांचे प्रमाण बदलते. तिच्या सर्वभक्षी स्वभावाचे हेच एक मोठे कारण आहे. म्हणून निरनिराळ्या वनस्पतींचे पाचकरोधक एकत्र किंवा आळीपाळीने योजावे लागतात. ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी बटाटा व शोभेची तंबाखू यांतील दोन निरनिराळ्या प्रकारचे पाचकरोधक एकाच कापसाच्या झाडात आणले, तेव्हा प्रत्यक्ष शेतात अळीचे नुकसान कमी झाले. हे संशोधन २०१० साली प्रसिद्ध झाले. दोन बैलांनी ओढलेली गाडी चढ चढते, एकट्याने ती अडते, तसेच हे आहे.

प्रत्येक किडीचे पोट निराळे

पाचकरोधक निवडताना किडीची जात पाहावी लागते. पतंगवर्गीय अळ्यांचे आतडे अल्कधर्मी असते व त्यांत ट्रिप्सिनसारखी द्रव्ये प्रमुख असतात. कडधान्ये पोखरणाऱ्या भुंगेऱ्याचे आतडे मात्र काहीसे अम्लधर्मी असते व त्यात सिस्टीन वर्गातील निराळी पाचक द्रव्ये काम करतात. त्यामुळे घाटे अळीला जे द्रव्य लागू पडते ते साठवणीतील भुंगेऱ्याला लागू पडेलच असे नाही. अशा भुंगेऱ्यांसाठी तांदळात आढळणाऱ्या निराळ्या पाचकरोधकाचा अभ्यास झालेला आहे.

चवळीच्या एका वाणाची हकीकत या बाबतीत उद्बोधक आहे. आफ्रिकेतील हा वाण साठवणीत भुंगेऱ्यास बराच प्रतिकार करतो असे दिसल्यावर, १९७९ साली त्याचे श्रेय दाण्यातील वाढीव ट्रिप्सिनरोधकास देण्यात आले. पुढील संशोधकांनी मात्र त्यास हरकत घेतली व प्रतिकाराचे कारण दाण्यातील दुसऱ्या प्रथिनांत शोधले. एखादे द्रव्य व एखादा गुण एकत्र आढळला म्हणजे पहिले दुसऱ्याचे कारण ठरते असे नाही, हा धडा गावपातळीवरील कार्यकर्त्यांनीही लक्षात ठेवण्यासारखा आहे. एका शेतात एक अर्क फवारला आणि कीड कमी झाली, एवढ्यावरून त्या अर्काची शिफारस करू नये. शेजारी न फवारलेला पट्टा ठेवून तुलना करावी.

दाणे वाटून फवारले तर चालेल काय?

हा विषय सभेत निघाला की शेतकरी हमखास विचारतात की, कारल्याच्या बिया किंवा सोयाबीन वाटून त्यांचे पाणी हरभऱ्यावर फवारले तर अळी मरेल काय? याचे उत्तर स्पष्टपणे द्यावयास हवे. अशा अर्काची प्रमाणित शिफारस आज नाही. त्याची कारणे अशी :

१. प्रयोगशाळेत शुद्ध केलेले द्रव्य मोजून अळीच्या अन्नात मिसळतात. बिया वाटून केलेल्या पाण्यात ते किती आले, हे कळण्यास मार्ग नसतो.
२. ही द्रव्ये पोटात गेली तरच काम करतात. घाट्यात शिरलेली अळी पानावरचा फवारा खात नाही.
३. पानावर पडलेले प्रथिन ऊन, दव व सूक्ष्म जंतू यांमुळे फार काळ टिकत नाही.
४. मात्रा अपुरी पडली तर अळी मरत नाही, उलट तिला निराळी पाचक द्रव्ये तयार करण्यास अवसर मिळतो.

तसेच शेतकऱ्याने दुकानात मागावे असे पाचकरोधकाचे प्रमाणित औषधही आज नाही. हे जनुक घातलेला हरभऱ्याचा वाणही आपल्याकडे लागवडीस उपलब्ध नाही. ‘पचन बंद पाडणारे नवे औषध’ अशी जाहिरात करून कोणी बाटली विकू लागल्यास वेष्टनावरील नोंदणी क्रमांक, घटक व शिफारस केलेले पीक पाहिल्यावाचून ती विकत घेऊ नये. शंका वाटल्यास कृषी अधिकाऱ्यास दाखवावी. निंबोळी अर्काचा गुणही या द्रव्यांमुळे येत नाही. त्यातील अझाडिरॅक्टिन हे द्रव्य अळीची खाण्याची इच्छा व कात टाकण्याची क्रिया बिघडविते. म्हणून दोहोंची गल्लत करू नये.

आज शेतात काय करावे?

तर मग या संशोधनाचा शेतकऱ्याला काहीच उपयोग नाही काय? आहे, आणि तो मोठा आहे. ज्या अळीपुढे वनस्पतीचे शस्त्रही एकटे टिकत नाही, तिच्यापुढे माणसाचे एकच औषध टिकावे ही अपेक्षा चुकीची आहे. कापसावर हा अनुभव आपण घेतलाच आहे. बीटी कापूस आपल्या देशात २००२ साली आला. त्याने सुरुवातीस बोंडअळ्यांना चांगला आळा घातला. परंतु तोच एक आधार धरून राहिल्यामुळे व आश्रयपिकाच्या ओळी न लावल्यामुळे गुलाबी बोंडअळी त्यास सरावली. २०१७ च्या हंगामात तिने महाराष्ट्रात केलेले नुकसान अजून विस्मरणात गेलेले नाही. यास्तव अनेक उपाय एकत्र योजणे हाच खरा मार्ग होय. हरभऱ्यासाठी ते पुढीलप्रमाणे आहेत :

१. उन्हाळ्यात खोल नांगरट करावी. त्यामुळे जमिनीतील कोश वर येऊन उन्हाने व पक्ष्यांमुळे नष्ट होतात.

२. पेरणी वेळेवर करावी. पीक दाट होऊ देऊ नये.

३. पीक कळी धरण्याच्या सुमारास हेक्टरी ५ कामगंध सापळे लावावेत व रोज सकाळी पतंग मोजून त्यांची नोंद ठेवावी. सतत दोन-तीन दिवस प्रत्येक सापळ्यात ८ ते १० पतंग आढळल्यास शेतात अंडी व लहान अळ्यांचा शोध घ्यावा.

४. शेतात पक्ष्यांना बसण्यासाठी काठ्यांचे थांबे जागोजाग उभे करावेत. साळुंकी, कोतवाल इत्यादी पक्षी अळ्या वेचून खातात. दाणे पक्व होऊ लागले की थांबे काढून टाकावेत.

५. लहान अळ्या दिसू लागताच ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. त्यासाठी ५ किलो निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवून, सकाळी फडक्यातून गाळून घ्यावी व त्यात थोडे साबणाचे पाणी घालून एकूण १०० लिटर द्रावण करावे. अर्क त्याच दिवशी वापरावा.

६. घाटे अळीवरील विषाणूचे द्रावण, म्हणजेच एच.ए.एन.पी.व्ही., वेष्टनावरील मात्रेप्रमाणे सायंकाळी फवारावे. उन्हामुळे त्यातील विषाणू निकामी होतात. हा विषाणू लहान अळ्यांवर अधिक परिणाम करतो, मोठ्या अळ्यांची वाट पाहू नये.

७. एवढे करूनही ओळीच्या प्रत्येक मीटरमागे एक ते दोन अळ्या आढळत असतील, तरच कृषी विद्यापीठाने शिफारस केलेले रासायनिक औषध वापरावे. दुसरी फवारणी करावी लागल्यास निराळ्या गटातील औषध घ्यावे. दोन-तीन औषधे आपल्या मनाने एकत्र मिसळू नयेत.

यातील प्रत्येक उपाय अळीला निराळ्या ठिकाणी गाठतो. सापळा पतंगाला, पक्षी मोठ्या अळीला, निंबोळी तिच्या भुकेला व कात टाकण्याला, तर विषाणू तिच्या शरीराला. एका उपायातून सुटलेली अळी दुसऱ्यात सापडते. चौधारी घेवडा, भुईमूग व बटाट्याच्या पाचकरोधकांनी शास्त्रज्ञांना जे शिकविले, तेच येथे शेताच्या मापाने लागू पडते.

कार्यकर्त्यांसाठी सूचना

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा विषय गावसभेत मांडताना दोन टोके टाळावीत. ‘शास्त्रज्ञांनी उपाय शोधला आहे, आता अळी गेलीच’ असे सांगून भलती आशा लावू नये आणि ‘हे प्रयोगशाळेचे काम, आपल्याला काय त्याचे’ असे म्हणून त्याकडे पाठही फिरवू नये. हरभऱ्याच्या शेतातच चार-पाच शेतकरी जमवून सापळ्यातील पतंग मोजून दाखवावेत, एक मीटर ओळीतील अळ्या कशा मोजतात ते शिकवावे आणि नोंदवही ठेवण्यास सांगावे. ज्याने स्वतः अळ्या मोजल्या, तो शेतकरी विनाकारण फवारणी करीत नाही व वेळेवर करावयाची फवारणी चुकवीतही नाही.

वनस्पतींच्या अंगची ही द्रव्ये उद्या बियाण्यातून वा फवाऱ्यातून आपल्या शेतात येतील तेव्हाही ती एकटी पुरी पडणार नाहीत, इतर उपायांच्या जोडीनेच त्यांचा उपयोग करावा लागेल. ती जोड देण्याची सवय आजच्या हंगामापासून लावून घेतलेला शेतकरीच त्या नव्या साधनाचा खरा लाभ घेऊ शकेल. म्हणून शेतकरी बंधूंनी यंदाच्या रब्बीत कळी धरण्याची वाट न पाहता सापळे व निंबोळ्यांची तजवीज आधीच करून ठेवावी.